अर्ध्या श्वासाचे पुरे गाणे

आमच्या घरी एक कॅसेट आहे. तिच्यावर निळ्या शाईने फक्त एक तारीख लिहिली आहे, १४ जानेवारी १९८९. गायकाचे नाव लिहिलेले नाही, कारण ते लिहायची गरजच नव्हती. तो आवाज माझ्या वडिलांचा आहे. पण त्या कॅसेटबद्दल सांगायचे तर आधी एका थोर गवयाबद्दल सांगावे लागेल. माझ्या वडिलांनी त्यांना कधी पाहिले नाही, पण त्यांच्या एका तबकडीने वडिलांना दहा-अकरा वर्षांनी पुन्हा गाते केले. तो गवई म्हणजे पंडित कुमार गंधर्व.

आमचे गाव सिंदेवाही आणि नागभीडच्या मधल्या पट्ट्यात. भाताची शेती, बाजूला तलाव आणि गाव संपले की जंगल. मी सांगतो आहे त्या काळात गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याआधी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा हा सगळा मुलूख चांदा जिल्हाच होता. आमच्याकडे त्याला झाडीपट्टी म्हणतात. धान कापून झाले, मळणी आटोपली आणि हाती चार पैसे आले, की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा मंडईत बैलांचा शंकरपट, रात्री नाटक. रात्री दहा वाजता पडदा वर जायचा तो पहाटेच कधीतरी खाली यायचा. पाव्हणेरावळे घोंगड्या घेऊन यायचे, लेकरे मांडीवर झोपून जायची, पण नाट्यगीत सुरू झाले की म्हातारीसुद्धा उठून बसायची.

माझे वडील या नाटकांत गात असत. चार एकर धानाचा शेतकरी माणूस, शिक्षण चौथीपर्यंत. पण आवाज असा की लाउडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या रांगेला शब्द ऐकू जायचा. रोज संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत तेच सुरुवात करत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आमच्या चिमूर भागाशी फार जुना संबंध, त्यामुळे खंजिरी आणि भजन घरोघरी. म्हणजे गाणे आमच्याकडे शिकावे लागत नसे, ते धानासारखेच बांधीत उगवत असे.

१९७७च्या पावसाळ्यात वडिलांचा खोकला हटेना. संध्याकाळी अंगात कणकण, अंगावरचे मांस झडत चाललेले. एके दिवशी रोवणीच्या चिखलात त्यांनी थुंकले तेव्हा त्यात रक्त होते. सरकारी दवाखान्यात फोटो काढला आणि क्षय असल्याचे सांगितले. त्या काळी उपचार दीड वर्षाचा असे. आधी रोज स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन, मग महिनोन्‌महिने गोळ्या. वडील नेमाने सगळे घेत राहिले आणि वाचले. पण छातीचा एक भाग कायमचा कामातून गेला. वीस पावले चालले की थांबायचे. नाटक मंडळींनी दुसरा गायक शोधला. पेटी माळ्यावर गेली. प्रार्थनेला ते जायचे, पण मागे बसायचे आणि ओठही हलवायचे नाहीत. घरात कोणी विचारले तर म्हणायचे, ‘‘दम पुरत नाही गा. अर्धं गानं गाण्यापेक्षा न गायलेलं बरं.’’

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. बापाला जेवताना, झोपताना, बैल हाकताना गाताना पाहिलेल्या पोराला घरातली ती शांतता सहन होत नसे.

तबकडीचे पोर

आता त्या दुसऱ्या माणसाकडे वळतो. बेळगावजवळच्या सुळेभावी गावात ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ जन्मला. घरात गाणे होते, पण या मुलाला कोणी मुद्दाम शिकवत नव्हते. एके दिवशी तो आपण होऊन गाऊ लागला, आणि तोही कसा? त्या काळच्या दिग्गजांच्या ज्या तबकड्या वाजत, त्या जशाच्या तशा. तान, हरकत, थांबण्याची जागा, सारे तसेच. सहा-सात वर्षांच्या पोराच्या गळ्यातून मोठमोठ्या उस्तादांचे गाणे ऐकून लोक थक्क झाले. एका स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. गावोगाव त्याचे जलसे होऊ लागले.

१९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये संगीत परिषदेत हा मुलगा गायला आणि एका रात्रीत साऱ्या मुंबईला त्याचे नाव कळले. प्रोफेसर बी. आर. देवधर यांनी त्याला आपल्या विद्यालयात घेतले. या बाल गायकाच्या तबकड्याही निघाल्या. त्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात. ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर वाजे. तेवढ्यात राग मांडायचा, बंदिश म्हणायची, ताना घ्यायच्या आणि संपवायचे. हे पोर ते लीलया करते. सूर टोकदार, तान पाण्यासारखी. ऐकताना नवल वाटते, पण कुठेतरी असेही वाटते की या गळ्यात दुसरेच कोणीतरी गाते आहे. तबकडी ऐकून शिकलेले मूल पुन्हा तबकडीतच जाऊन बसले आहे.

देवधरांनी नेमके हेच ओळखले असावे. त्यांच्याकडे अनेक घराण्यांचे गाणे कानावर पडे आणि प्रश्न विचारायला मोकळीक असे. अंजनीबाई मालपेकरांकडूनही कुमारांना मार्गदर्शन मिळाले. नक्कल सुटत होती, स्वतःचे काहीतरी आकार घेत होते. १९४७ साली देवधरांच्याच विद्यालयातल्या भानुमती कंस यांच्याशी त्यांचे लग्न झाले. वय अवघे तेवीस, पुढे सगळा देश मोकळा. आणि त्याच सुमारास क्षय झाला.

देवासची खिडकी

आजच्या तरुण वाचकांना क्षय या शब्दाचा तेव्हाचा धाक कळणार नाही. आता साध्या क्षयावर सहा महिन्यांची औषधे नेमाने घेतली तर माणूस बरा होतो. १९४७ साली तसे नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध अमेरिकेत १९४३ साली लागला होता, पण आपल्याकडे ते मिळणे दुर्मीळ आणि मिळाले तरी ते महाग. एरवी उपाय म्हणजे कोरडी हवा, विश्रांती आणि देवाचे नाव. गवयाला तर डॉक्टरांनी सांगून टाकले की आता गाणे विसरा.

माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून ३० जानेवारी १९४८ रोजी कुमार गंधर्व देवासला राहायला आले. ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, तोच हा दिवस. पुढची पाच वर्षे ना मैफल, ना तबकडी. भानुमतीबाई शाळेत नोकरी करून घर चालवत, नवऱ्याचे पथ्य, औषध, शुश्रूषा बघत. नवे औषध मिळाले, त्याने गुण आला. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले.

या औषधाची एक गोष्ट मला वडिलांमुळे ठाऊक आहे. स्ट्रेप्टोमायसिन जीव वाचवते, पण काहींच्या कानांवर घाला घालते. कानात सतत आवाज येतो, ऐकू कमी येते, तोल जातो. वडील म्हणायचे, कानात रातकिडे बसले आहेत. एखाद्या गवयाला हे औषध घेताना काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. एका हाताने श्वास परत देणारे औषध दुसऱ्या हाताने कान काढून घेऊ शकले असते. कुमारांचे कान शाबूत राहिले, हे आपल्या सगळ्यांचे नशीब.

कारण त्या पाच वर्षांत त्यांच्याकडे कानांखेरीज दुसरे काही नव्हते. अंथरुणावर पडलेल्या माणसाला गाता येत नाही, पण ऐकता येते. देवासला टेकडीवर देवीचे ठाणे आहे, तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांची रहदारी. बायका गात जात. लग्नाची गाणी, पावसाची गाणी, दळणाची गाणी. शीलनाथ महाराजांच्या धुनीमुळे नाथपंथी जोगी यायचे, एकतारीवर निर्गुणी भजने म्हणत पुढे निघून जायचे. आजवर उस्तादांच्या तबकड्या ऐकणारा हा कान आता ज्यांची तबकडी कधी निघणार नव्हती अशा बायाबापड्यांना ऐकू लागला.

त्यांनी या धुना जमवल्या, स्वरलिपीत लिहून काढल्या आणि त्यांच्यावर विचार केला. त्यांच्या लक्षात आले की चार-पाच सुरांत फिरणाऱ्या या साध्या चालींच्या पोटात रागाचे बीज असते. राग आधी आणि लोकगीत मागाहून असे नाही, लोकधून हीच मूळ. पुढे अशा धुनांमधून त्यांनी नवे राग उभे केले आणि त्यांना ‘धुनउगम राग’ म्हटले. मालवती, संजारी, लगनगंधार, मधसुरजा ही त्यांतली काही नावे.

हे वाचल्यावर मला आमच्या रोवणीतल्या बाया आठवतात. गुडघाभर चिखलात वाकून, ओळीने मागे सरकत, रोपे लावत त्या गातात. भामरागडकडे गेलात तर माडिया पोरेपोरी रात्रभर हातात हात गुंफून रेला गातात आणि नाचतात. सूर मोजकेच, पण रात्र सरते तरी गाणे सरत नाही. यातले कोणीही मोठा श्वास घेऊन गात नाही. वाकलेली बाई मोठा श्वास घेणारच कसा? ती छोटा श्वास घेते, पुढची ओळ बाजूची उचलते. आम्ही हे जन्मभर ऐकले, पण ऐकले नाही. कुमारांनी आजारपणात ऐकले.

तो परत आला तेव्हा

१९५३ साली कुमार गंधर्व पुन्हा मैफलीत बसले. ज्यांनी बारा वर्षांचा मुलगा ऐकला होता, त्यांना तो मुलगाच परत हवा होता. परत आला तो वेगळाच माणूस. लांबलचक पल्लेदार ताना कमी झालेल्या. त्याऐवजी छोटे, धारदार तुकडे. सूर विजेसारखा लखकन चमकायचा आणि थांबायचा. मध्ये रिकामी जागा. त्या जागेत तंबोरा गायचा. पुन्हा सूर. काहीजण वेडे झाले, काहींनी नाके मुरडली. हे घराणेदार नव्हे, असे म्हणणारेही होते.

इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्या १९४८ साली कुमार देवासला जाऊन गप्प झाले, त्याच वर्षी अमेरिकेत लाँग प्लेइंग, म्हणजे आपण जिला दीर्घमुद्रिका म्हणतो, ती बाजारात आली. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक. ती आपल्याकडे रुळायला पुढे बरीच वर्षे लागली. म्हणजे हा गवई गप्प झाला तेव्हा साडेतीन मिनिटांचे जग होते आणि त्याचे पुढचे गाणे मुद्रित होऊ लागले तेव्हा जग वीस मिनिटांचे झाले होते. त्याची रिकामी जागा ७८ फेऱ्यांच्या तबकडीत मावलीच नसती. तिथे थांबायला वेळच कुठे होता? दीर्घमुद्रिकेत थांबता आले. निर्गुणी भजने, माळव्याच्या लोकधुना, ऋतूंची गाणी, ख्याल असे कितीतरी तिच्यावर आले आणि घरोघरी पोचले.

ते आमच्या गावात कसे पोचले ते आता सांगतो. १९७९च्या हिवाळ्यात आमच्या शाळेत नागपूरकडचे एक गुरुजी बदलून आले. त्यांच्याजवळ बॅटरीवर चालणारा रेकॉर्डप्लेअर आणि दहा-बारा तबकड्या होत्या. गावात एवढी अपूर्वाई की संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गर्दी व्हायची. गुरुजींना वडिलांची हकीकत कळली. एक दिवस ते स्वतः आमच्या घरी आले आणि म्हणाले, ‘‘भाऊ, आज तुम्ही यायचंच. एक तबकडी फक्त तुमच्यासाठी लावणार आहे.’’

वडील गेले, मी त्यांच्या मागे. गुरुजींनी कबीराच्या निर्गुणी भजनांची तबकडी लावली. गायक कोण, काय, काहीच सांगितले नाही. भजन म्हणजे आमचा रोजचा विषय, त्यामुळे लोक सरसावून बसले. पण यात खंजिरी नव्हती, टाळ नव्हते, जोर नव्हता. एक सूर उठायचा आणि हवेत लटकत राहायचा. दोन-चार जण कंटाळून उठले. वडील उठले नाहीत. भिंतीला टेकून, डोळे मिटून, छातीवर हात ठेवून बसले होते. एक बाजू संपली. त्यांनी खुणेनेच पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्यांदा संपली तेव्हा म्हणाले, ‘‘गुरुजी, ह्याचा दम तुटते की हा दम तोडते, समजतच नाही.’’

मग गुरुजींनी सगळी गोष्ट सांगितली. क्षय, इंजेक्शने, एक फुप्फुस, पाच वर्षांचे मौन. वडील ऐकत होते. घरी येताना अर्ध्या वाटेत थांबले. मला वाटले दम लागला. ते म्हणाले, ‘‘ह्या मानसानं दम लपवला नाही गा. जेवढा दम आहे तेवढ्याचंच गानं केलं.’’

तुटला की तोडला?

चौथी शिकलेल्या माझ्या बापाने त्या रात्री जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न जाणकारही वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. कुमारांच्या गाण्यातले ते तुकडे, ते थांबे, ही आजाराने लादलेली मजबुरी की स्वतः निवडलेली वाट? मजबुरी म्हणावे तर त्यांच्या तारसप्तकातल्या सुरांचा झोत ऐकताना एका फुप्फुसाची आठवणही येत नाही. द्रुत गाताना येणाऱ्या ताना कुठेही थकलेल्या नाहीत. निवड म्हणावी तर आजारपण आलेच नसते तर ती पाच वर्षांची खिडकी कुठून उघडली असती? बारा वर्षांचा तबकडीतला मुलगा टाळ्या घेत तसाच मोठा झाला असता आणि कदाचित फक्त उत्तम गवई झाला असता.

मला वाटते, दोन्ही खरे आहे. मजबुरी बाहेरून आली. पण तिच्यापुढे हात जोडून बसायचे की तिच्यातून काही घडवायचे, हे माणसाच्या हातात होते. श्वास लहान झाला, म्हणून त्यांनी लहान श्वासाला शोभेल असे गाणे शोधले. मोठ्या श्वासाचे गाणे लहान श्वासात कोंबण्याचा अट्टहास केला नाही. परत येणे या शब्दाचा खरा अर्थ मला इथे सापडतो. जिथून गेलो तिथेच येणे हे परत येणे नव्हे. तिथे कोणालाच येता येत नाही. आवाज मधल्या काळात जे भोगून आला आहे ते घेऊनच येतो.

आपण श्रोते मात्र याबाबतीत फार निष्ठुर असतो. आपल्याला आपली तरुणपणाची आठवण परत हवी असते आणि ती आपण गायकाच्या गळ्यातून मागतो. लता मंगेशकर १९६२ साली गंभीर आजारी पडल्या, महिनोन्‌महिने गाऊ शकल्या नाहीत. परतल्या तेव्हा ‘बीस साल बाद’साठी गायल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस-तेहतीस, त्यामुळे आवाज जसाच्या तसा ऐकू आला आणि सगळे सुखावले. त्याच लताबाईंनी २००७ साली, वयाच्या ७७व्या वर्षी, ‘सादगी’ हा नव्या गाण्यांचा संग्रह दिला तेव्हा आवाज थकला असे म्हणणारे कमी नव्हते. आवाज थकला होताच. पण ७७ वर्षांच्या बाईने कोणत्या आवाजात गायला हवे होते? बेगम अख्तर यांनी लग्नानंतर काही वर्षे गाणे सोडले आणि १९४९च्या सुमारास लखनौच्या रेडिओवर पुन्हा गायल्या. त्या आवाजात जो एक चीर गेल्यासारखा सूर होता, त्यावरच पुढे सगळा हिंदुस्थान फिदा झाला. तो सूर त्या चीरेसकटच पूर्ण होता.

कुमारांवरचे संकटही एकाच आजारात संपले नाही. १९६१ साली भानुमतीबाई दुसऱ्या बाळंतपणात गेल्या. ज्या बाईने त्यांना मरणाच्या दारातून ओढून आणले, तीच गेली. पुढे वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह झाला आणि मैफलीत त्यांचीही साथ लाभली. १९६५ साली ‘अनुपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ मौज प्रकाशनाने काढला. त्याच सुमारास त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. या नावातला ‘मला उमजलेले’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. लहानपणी ते ऐकलेले गाणे हुबेहूब गाऊन दाखवत. आता चाळिशीत त्यांनी दुसऱ्या एका थोर गायकाचे गाणे घेतले, पण नक्कल केली नाही. मला जे उमजले तेवढेच सांगतो, असे म्हणून गायले. बालगंधर्वांच्या कित्येक भक्तांना ते रुचले नाही. पण तबकडीतून निघालेल्या मुलाचा प्रवास त्या एका शब्दात पूर्ण झाला. १९९० साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच ते गेले. ज्या फुप्फुसाच्या भरवशावर डॉक्टरांनी त्यांना गायलाच नको म्हटले होते, त्यावर ते जवळजवळ चाळीस वर्षे गायले. २०२४ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली.

वडिलांची कॅसेट

आता माझ्या त्या कॅसेटकडे परत येतो.

तबकडी ऐकली म्हणून वडील दुसऱ्या दिवशी गाऊ लागले, असे काही झाले नाही. तसे फक्त नाटकात होते. पण काही दिवसांनी त्यांनी माळ्यावरची पेटी खाली काढली. उंदरांनी भाता कुरतडला होता. तो त्यांनी स्वतः चिकटवला. भाता ओढताना मला म्हणाले, ‘‘हिचंही फुप्फुस फाटलं होतं पाय.’’ संध्याकाळी पडवीत बसून एकच ओळ म्हणायचे, थांबायचे, पुन्हा तीच ओळ. माय चुलीपाशी असे, ती काही बोलायची नाही, पण भाकरी थापणे थांबवायची. सामुदायिक प्रार्थनेत ते पुढे येऊन बसू लागले. नाटकात नायकाची कामे पुन्हा मिळणार नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नाहीत.

मग १९८९ची संक्रांत आली. गावच्या मंडईत नाटक होते. नाटक मंडळींनी मध्यंतरानंतर त्यांना एक भजन म्हणायला बोलावले. दहा-अकरा वर्षांनी ते झाडीपट्टीच्या त्या मंचावर चढत होते. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि पहिल्या पगारातून टेपरेकॉर्डर घेतला होता. तो मंचाच्या कडेला ठेवून मी बटण दाबले. समोर शेकडो माणसे. त्यांतल्या जुन्यांना त्यांचा तो लाउडस्पीकरविना पोचणारा आवाज आठवत होता. वडिलांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. गर्दीत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालेही, ‘‘दम नाही राहिला.’’ वडिलांनी घाई केली नाही. पेटीचा सूर तेवढा धरून ठेवला. दुसरी ओळ आली. मग पुन्हा थांबा. हळूहळू ते थांबे लोकांच्या अंगवळणी पडले. शेवटी शेवटी तर पुढची ओळ येईपर्यंत लोकच श्वास रोखून बसत होते. म्हणजे वडिलांचा कमी पडलेला श्वास त्या रात्री सगळ्या गावाने मिळून घेतला.

कॅसेटवर हे सगळे आहे. कुजबुज आहे, दूर कुठेतरी रडणारे लेकरू आहे, भजन संपल्यावरचा खोकला आहे. गुरुजींची बदली होऊन तोवर बरीच वर्षे झाली होती, ते काही तिथे नव्हते. वडील पुढे सात वर्षे जगले आणि त्या सातही वर्षी मंडईत एकेक भजन म्हणत राहिले. मी पुन्हा कधी टेप लावला नाही. आज त्याचे वाईट वाटते. वाटले होते, पुढल्या वर्षी लावू.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने ती कॅसेट मोबाईलमध्ये उतरवून दिली. उतरवताना त्याने विचारले, ‘‘बाबा, मधल्या मधल्या या रिकाम्या जागा आणि शेवटचा खोकला काढून टाकू का? गाणं एकसलग ऐकू येईल.’’ हल्ली हे दोन मिनिटांचे काम आहे म्हणे.

मी म्हटले, ‘‘नको रे. तेवढंच तर तुझ्या आजोबांचं स्वतःचं आहे.’’